कानसेनांचा उजवा कान

पंपघरात शिट्टी वाजत होती आणि ती एकट्या मिस्त्रींनाच ऐकू येत होती.

बारीक, एकसुरी, न थांबणारी शिट्टी. कुठल्यातरी व्हॉल्व्हमधून हवा निसटावी तशी. मिस्त्रींनी पाचही पंपांचे गळती रोखणारे ग्लँड आवळून पाहिले, हवेचे व्हॉल्व्ह खोलून साफ केले, साबणाचं पाणी लावून सांधा न् सांधा तपासला. एक बुडबुडा वर येईल तर शपथ. पंधरा दिवस त्यांनी त्या शिट्टीचा पिच्छा पुरवला. बाकीचे लोक शेजारी उभे राहून मान डोलवायचे, कारण मिस्त्रींना ऐकू येतंय म्हणजे शिट्टी असणारच, आपल्याला येत नाही हा आपल्या कानांचा दोष, असा तिथला एकतीस वर्षांचा अनुभव होता. एक ऑपरेटर तर "हां, आता मलापण येतेय" असंही म्हणून गेला. अशी माणसं सगळीकडे असतात.

मिस्त्रींना तिथे कानसेन म्हणत. आधी थट्टेने म्हणत, पुढे थट्टा गळून पडली आणि नाव राहिलं. निम्म्या शहराला पाणी पुरवणारं ते पंपघर. लांबलचक हॉल, एका ओळीत पाच पंप, आणि सगळे एकदम चालू असले की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. मिस्त्री सकाळी सातला दारात यायचे, डबा खाली ठेवायचे आणि डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे. मग बोट वर करून म्हणायचे, "चार नंबर कुरकुरतोय." झालं. चार नंबर उघडला की आत काहीतरी निघणारच. साहेबांनी एकदा थरथर मोजायचं परदेशी यंत्र आणलं. तेही चार नंबरच म्हणालं, पण तीन दिवसांनी. साहेब दिलदार होते, त्यांनी ते यंत्र कपाटात ठेवून दिलं.

नेमकं दुखणं शोधायचं असलं की मिस्त्री हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे. टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ उजव्या कानाला लावायचे, आणि डॉक्टरने छाती तपासावी तसे ऐकत राहायचे. त्यांच्या लेखी बेअरिंगं तीनच जातींची. गार, तापट आणि रडकं. गार म्हणजे चिंता नाही. तापटावर लक्ष ठेवायचं. रडकं निघालं की पंप तिथल्या तिथे बंद, मग साहेब काहीही म्हणोत. हे तीन शब्द त्या पंपघराच्या नोंदवहीत इतकी वर्षं लिहिले जात होते की बदलून आलेल्या नव्या साहेबांनाही ते शिकून घ्यावे लागत.

तर ही शिट्टी. एका रविवारी सकाळी मिस्त्री घरी चहा पीत बसले होते आणि तीच शिट्टी आली. ते चमकले. पंपघर घरापासून चार किलोमीटर. त्यांनी नळ घट्ट बंद केला, गॅस बंद केला, फ्रिजची वायर काढली. शिट्टी चालूच. शेवटी ते बायकोच्या समोर जाऊन उभे राहिले.

"तुला शिट्टी ऐकू येतेय का गं?"

वहिनींनी हातातलं शिवण खाली ठेवलं. पंपघरातले सगळे त्यांना वहिनी म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि अशा हसत सुटल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"अहो, मला विचारताय? मला?"

वहिनींना अकराव्या वर्षापासून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मोठा ताप आला, आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. बोलणं तोवर शिकून झालं होतं, ते राहिलं. फक्त आपला आवाज किती चढलाय हे त्यांना स्वतःला कळत नाही, त्यामुळे त्या मीठ जरी मागायला लागल्या तरी समोरच्या इमारतीतला माणूस खिडकीतून डोकावतो. ऐकायचं काम त्या डोळ्यांनी करतात. ओठ, गाल, हनुवटी, भुवया, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे जे हलतं ते सगळं त्या वाचतात.

त्यांची ओळखही एका बिघाडातूनच झाली. मिस्त्री तेव्हा पंपघरात नवे होते. फाटलेला गणवेश घेऊन एका शिंप्याच्या दुकानात गेले, तर कोपऱ्यात एक मुलगी पाठमोरी बसून मशीन चालवत होती आणि मशीन आतून खडखडत होतं. "ताई, मशीन बघून घ्या," हे म्हणाले. उत्तर नाही. पुन्हा म्हणाले. नाही. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाजात जरा चीड होती. तेवढ्यात कात्री फरशीवर खणकन पडली आणि मुलगी दचकली नाही. मिस्त्री एका क्षणात समजले. शिंप्याला काही विचारलं नाही, आवाज चढवला नाही. वळसा घालून तिच्या पुढ्यात गेले, दारातून उजेड येत होता तिथे तोंड करून उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "तुमचं मशीन खडखडतंय."

"मग दुरुस्त करा की!" ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली.

ते दुरुस्त करायला मिस्त्रींना चार फेऱ्या लागल्या. एका फेरीचं काम होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पुढे लग्न झालं, आणि अठ्ठावीस वर्षांत हा माणूस बायकोशी पाठ करून एक शब्द बोलला नाही. सांगायला सोपं वाटतं. आपण दिवसातून किती वेळा बूट घालता घालता, मोबाइलमध्ये डोकं घालून, दुसऱ्या खोलीतून बोलतो ते मोजून बघा. मिस्त्री आधी समोर यायचे, मग बोलायचे. मिशी ठेवायची हौस होती ती सोडली, कारण वरचा ओठ झाकतो. जेवताना घास गिळल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. रस्त्यावर नेहमी गाड्यांच्या बाजूने चालायचे, कारण मागून आलेला भोंगा दोघांत एकालाच ऐकू येणार. आणि हे सगळं त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. शेजारच्या बाईंना बरीच वर्षं वाटायचं, नवरा बायकोला जरा घाबरतो.

गमती काय थोड्या झाल्या? प, ब आणि म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मिस्त्रींनी एका संध्याकाळी सगळं धैर्य गोळा करून, कान लाल करून म्हटलं, "आता आपल्या घरात बाळ यायला हवं." वहिनींनी "पाल" वाचलं. झाडू उचलला आणि साऱ्या भिंती बघत सुटल्या. "कुठाय? कुठाय?" बाळ यायला पुढे आणखी दीड वर्ष लागलं. ती मुलगी आता औषधांच्या दुकानात काम करते, आणि हा किस्सा पाहुण्यांसमोर सांगू नका म्हणून दोघांच्या पाया पडते.

असो. शिट्टी डोक्यातच आहे, हे त्या रविवारी मिस्त्रींना कळलं. वय झालं असेल म्हणून त्यांनी कानाडोळा केला. मोबाइल हल्ली डाव्या कानाला जातो, जिना उतरताना कठडा धरावासा वाटतो, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी तिकडेही कानाडोळाच केला. दुसऱ्याच्या मशीनचं एवढंसं कुरकुरणं न सोडणारा माणूस स्वतःच्या बाबतीत असाच वागतो, याचा मला राग येतो. पण त्यांच्यावर फार वेळ रागावता येत नाही.

मग तीन नंबरचा पंप बसला. सोमवारी मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं होतं आणि नोंदवहीत लिहिलं होतं, "गार." शुक्रवारी बेअरिंग जाम झालं, शाफ्ट वाकला आणि निम्म्या शहराला दीड दिवस पाणी कमी पडलं. उघडून बघितलं तर बेअरिंगचा नुसता चुरा. असलं बेअरिंग एका दिवसात मरत नाही, ते आठवडाभर रडत असणार.

कुणी एका शब्दाने बोललं नाही. मिस्त्री मात्र दोन नंबरपाशी गेले. ते बेअरिंग तापट आहे हे साहेबांच्या कपाटातून पुन्हा बाहेर काढलेल्या यंत्राने कालच दाखवलं होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, मूठ उजव्या कानाला. हॉलचा गोंगाट, आणि त्याच्याखाली गोधडीतून कुणीतरी पुटपुटावं तसं काहीतरी. मग एकतीस वर्षांत पहिल्यांदा मूठ डाव्या कानाला लावली. बेअरिंग स्पष्ट कण्हत होतं. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. मिस्त्री पंपाच्या चौथऱ्यावर खाली बसले. आयुष्यभर जे अवजार दुसऱ्यांना लावलं, त्यानेच त्यांनी स्वतःचा बिघाड शोधून काढला होता.

उठले ते सरळ नोंदवहीपाशी. लिहिलं: "पंप क्रमांक तीन, बेअरिंग जाम. सोमवारी मी ते गार लिहिलं, ती माझी चूक. मला उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही. यापुढे एकट्या माझ्या कानावर कुठलाही पंप चालू ठेवू नये." खाली सही, तारीख.

साहेबांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो मिस्त्री, हे कशाला लिहून ठेवलंत? बेअरिंगच्या कंपनीच्या माथी मारलं असतं."

"कंपनीने कुठे ऐकलं होतं साहेब? ऐकलं मी होतं."

साहेबांनी त्याच दिवशी त्यांना गाडीत घालून कानाच्या दवाखान्यात पाठवलं.

तिथे एका बंद काचेच्या खोलीत बसवून, डोक्यावर हेडफोन चढवून, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. डाव्या कानाची परीक्षा झाली आणि तपासणारी मुलगी चकित झाली, कारण छप्पन्न वर्षांच्या माणसाला एवढं बारीक ऐकू येत नाही. वर हे म्हणाले, "तुमच्या खोलीतल्या पंख्याचं बेअरिंग रडकं आहे. महिनाभर टिकेल." मग उजवा कान. मिस्त्री बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिले, परीक्षा कधी सुरू होते म्हणून. ती अर्धी संपली होती.

एमआरआय झाला. आठवड्याने मिस्त्री, वहिनी आणि लेक असे तिघे डोक्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंपुढे बसले. बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, हात टेबलावर शांत ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. कानाच्या आतून जिथे नसा मेंदूकडे जातात, तिथे एक पांढरा गोळा होता. वाटाण्यापेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान.

"गाठ आहे," बाई म्हणाल्या, "पण साधी आहे."

"साधी आहे तर मेंदूला जाऊन का टेकलीय?" मिस्त्रींनी विचारलं.

"साधी म्हणजे कॅन्सरची नाही. इकडेतिकडे पसरणार नाही. पण हळूहळू वाढते आणि जागा अडवते."

"म्हणजे भाडेकरू सभ्य आहे, पण घर सोडत नाही."

बाई हसल्या. गाठ अजून लहान असती तर नुसतं लक्ष ठेवलं असतं, किंवा किरणांनी तिची वाढ थांबवायचा प्रयत्न केला असता, असं म्हणाल्या. आता ती मेंदूच्या देठाला दाबायला लागली आहे, काढलेली बरी. घाई नाही, पण चालढकलही नको. बाई बोलताना मधेच पडद्याकडे वळत, तेवढं वहिनींचं सुटे, आणि मिस्त्री लगेच वहिनींकडे तोंड करून तेवढं वाक्य पुन्हा म्हणत. बाईंच्या ते लक्षात आलं. पुढचं सगळं त्या वहिनींकडे बघून बोलल्या. या बाई मला तेव्हाच आवडल्या.

मग मिस्त्री लेकीला म्हणाले, "तू आईला घेऊन जरा बाहेर बस. मला दोन शब्द विचारायचेत."

त्या दोघी बाहेर गेल्या. खोलीला बाहेरच्या बाजूने काचेची भिंत होती. मिस्त्रींची खुर्ची भिंतीकडे पाठ करून होती आणि त्यांनी ती वळवली नाही.

"आता मिस्त्रीला सांगतात तसं सांगा," ते म्हणाले.

बाईंनी सांगितलं. हाडात एक बारीक बोगदा आहे, त्यातून तीन नसा जातात. तोल सांभाळणारी, ऐकण्याची आणि चेहरा हलवणारी. गाठ पहिलीवर आहे आणि बाकी दोघींना चिकटली आहे. आत जायला दोन रस्ते. एक कानाच्या मागून. त्याने गेलं तर उजव्या कानात उरलंसुरलं जे ऐकू येतंय ते वाचवायचा प्रयत्न करता येतो, शाश्वती नाही. पण गाठीचं शेवटचं टोक बोगद्यात लपलेलं असतं, आणि तुमच्या गाठीची ठेवण बघता ते सोडवताना चेहऱ्याच्या नसेला धोका जास्त. दुसरा रस्ता कानातूनच. ऐकणं पूर्ण जाणार, कायमचं. पण चेहऱ्याची नस पहिल्यापासून डोळ्यांपुढे राहते.

"आणि चेहऱ्याची गेली तर?"

"चेहऱ्याची ही बाजू पडते. डोळा मिटत नाही, ओठाचा कोपरा लोंबतो, तोंड वाकडं होतं. धोका दोन्हीकडे आहे. कानातून गेलं तर कमी."

मिस्त्रींनी फार विचार केला नाही. निदान बाईंना तसं वाटलं. "मागून जा. कान वाचवा," ते म्हणाले. "तोंड कुणाला दाखवायचंय? मला काय सिनेमात जायचंय?"

"तुमची इच्छा असेल तर तसं करू. कान वाचवायचा प्रयत्न करू," बाई म्हणाल्या. "पण घरी बोला आधी."

बसमध्ये वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी पडदा सरकवला, खुर्ची खिडकीपाशी ओढली, नवऱ्याला तिच्यात बसवलं आणि समोर स्टूल घेऊन बसल्या. मिस्त्रींच्या तोंडावर दुपारचा लख्ख उजेड पडला होता.

"बोला आता."

"काढायची म्हणतात. कानामागून काढतील. आठ-दहा दिवसांत घरी."

"आणि तोंड?"

मिस्त्रींचा हात गालाकडे गेला.

"डॉक्टरीणबाईंचं तोंड सगळं माझ्यासमोर होतं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही चढला होता आणि लेक घाईघाईने खिडकी लावायला उठली. "चेहऱ्याची बाजू पडते. डोळा मिटत नाही. कानातून गेलं तर धोका कमी. तुमची इच्छा असेल तर. एवढं सगळं वाचलं मी. तुमचं काय ते कळलं नाही. तुम्ही पाठ केली होतीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

मिस्त्रींनी मान खाली घातली. मग त्यांना आठवलं की खाली बघून बोललेलं चालत नाही, आणि त्यांनी मान वर केली.

"अगं, आपल्या दोघांत मिळून दोनच कान आहेत. दोन्ही माझ्या डोक्याला. त्यातला एक निम्मा भंगारात निघालाय. उरलाय तेवढा वाचवायला नको? दोन कान असले की आवाज कुठून येतोय ते कळतं. एका कानाला नुसतं कळतं की येतोय. रस्त्यावर मागून गाडी आली, डावीकडून की उजवीकडून? तुला कुठल्या बाजूला ओढू? आणि पंपघरात तर मी कुठल्याच कामाचा राहणार नाही."

"झालं?"

"झालं."

"कान दोन आहेत ना? एक गेला तर एक उरतो. तोंड किती आहेत?"

मिस्त्रींनी एक बोट वर केलं.

"एक आहे. आणि ते माझं आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आरशात किती बघता? दाढीपुरतं. मी अठ्ठावीस वर्षं त्यातच ऐकतेय. तुमची 'हो'ची हनुवटी वेगळी आणि 'हो, पण मनात नाही'ची वेगळी. तुम्ही रागावलात की उजवा गाल आधी बोलतो. लोकांचं मी वाचते ते शब्द वाचते. तुमचं तसं नाही. ते अर्धं बंद पडलं तर मी पुन्हा बहिरी होईन. एकदा झालेय मी. अकरा वर्षांची होते, तेव्हा काय होतंय ते कळलं नव्हतं. आता कळेल. मला भीती वाटतेय."

वहिनी भीती वाटते असं म्हणणाऱ्यातल्या नाहीत. लेकीने तिच्या उभ्या जन्मात ते ऐकलं नव्हतं. मिस्त्रींनी बायकोचे दोन्ही हात धरले आणि तिला समोर बघू देत रडले. तोंड झाकलं नाही.

पण हो म्हणाले नाहीत. या माणसाला कुठलीही गोष्ट करून बघितल्याशिवाय पटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पंपघराच्या दारात आले. डबा खाली ठेवला, खिशातून कापूस काढला आणि उजवा कान गच्च बंद केला. एका ऑपरेटरला सांगून ठेवलं होतं, पाचांतल्या कुठल्याही एका पंपाचा व्हॉल्व्ह जरा चिमटून ठेव, मला सांगू नको. डोळे मिटले.

काहीतरी बिघडलंय, एवढं लगेच कळलं. कुठे, ते मात्र कळेना. सगळा हॉल एका जागेवरून गरजत होता. मिस्त्रींचं बोट वर आलं आणि हवेतच थांबलं. ऑपरेटरने नंतर सांगितलं की तेव्हा त्याला तिथून निघून जावंसं वाटलं. रोज दारातून बोट दाखवणारा तो हात असा वर राहिलेला बघवत नव्हता.

मिस्त्रींनी हात खाली घेतला. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि एक नंबरपासून सुरुवात केली. मूठ डाव्या कानाला, उजव्या हाताचा तळवा यंत्राच्या अंगावर. एक झाला, दोन झाला, तीन झाला. पाच नंबरपाशी थांबले, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाले, "हा. याचा व्हॉल्व्ह दाबलायस." बरोबर होतं. घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं लागली होती. पूर्वी अर्धं मिनिटही लागत नसे.

"बारा मिनिटं आधी येत जाईन," मिस्त्री म्हणाले आणि कापूस काढला. मग बाहेर जाऊन, मोबाइल डाव्या कानाला लावून त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की कानातूनच जा.

असं एका ओळीत लिहिलं की फार सोपं वाटतं. ज्या कानाने नाव मिळवून दिलं तो कान आपल्या हाताने लिहून देताना त्यांना काय झालं असेल, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एवढंच केलं की शस्त्रक्रियेआधी उरलेले दहा दिवस घरी आल्यावर मोबाइल उजव्या कानाला घट्ट दाबून दुकानातल्या लेकीशी बोलायचे. तिला "काय? काय?" करून हैराण करायचे. पण बोलायचे उजव्यानेच.

शस्त्रक्रियेला नऊ तास लागले. लेक आणि वहिनी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. कुणी दार उघडून बाहेर आलं की लेक कान टवकारायची आणि वहिनी ओठ बघायच्या. आणि इथल्या माणसांच्या तोंडावर मास्क. त्या दिवशी वहिनींना जगात कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. शेवटी डॉक्टरीणबाई आल्या, दोन पावलांवर थांबल्या, मास्क हनुवटीखाली ओढला आणि वहिनींकडे बघून म्हणाल्या, "गाठ सगळी निघाली. नस शाबूत आहे. सूज आहे, त्यामुळे काही आठवडे तोंड जरा वाकडं दिसेल. घाबरू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला भेटायला सोडलं. मिस्त्री डोक्याला पांढरा फेटा बांधल्यासारखे पडले होते. ओठाचा उजवा कोपरा खाली आलेला, उजवा डोळा मिटताना एक फट राहत होती. घशात नळी घातली होती त्यामुळे आवाज फुटत नव्हता. लेक उशाशी उभी होती. वहिनींनी पर्स खाली ठेवली, खिडकीचा पडदा सरकवला, नवऱ्याची हनुवटी दोन बोटांत धरली आणि चेहरा हलकेच उजेडाकडे वळवला.

"बोला."

मिस्त्रींचे ओठ हलले. डावी बाजू नीट हलली, उजवी तिच्यामागून फरफटत गेली. वहिनींच्या कपाळावर आठी पडली.

"पुन्हा."

ते पुन्हा म्हणाले. वहिनी वाकल्या, इतक्या की दोघांची नाकं लागायची बाकी होती. लेकीला वाटलं, संपलं सगळं. आईला कळत नाहीये.

"पुन्हा एकदा. सावकाश."

तिसऱ्यांदा ते ओठ हलले, आणि वहिनी ताठ झाल्या.

"डाव्या बाजूला बस म्हणतायत," त्यांनी लेकीला सांगितलं. "उजवीकडून मी ऐकू येत नाही म्हणे."

त्यांनी स्टूल उचललं, पलंगाला वळसा घालून डाव्या बाजूला मांडलं आणि बोलायला सुरुवात केली. शेजारच्या बाई काय म्हणाल्या, साहेबांचा दोनदा फोन येऊन गेला, बाथरूमचा नळ गळतोय, तुम्ही घरी आल्यावर बघा. अख्खा वॉर्ड ऐकत होता. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा उठून बसले. नर्स लगबगीने आली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "काकू, जरा हळू."

वहिनींनी बोलणं थांबवून नवऱ्याकडे बघितलं.

मिस्त्रींनी वाकड्या तोंडाने एकच शब्द म्हटला. तो वहिनींनी पहिल्याच खेपेला वाचला.

"मोठ्याने."